नवे गॅस्केट टाकले, तरी गळती का होते?

शेडमध्ये उभ्या असलेल्या जुन्या ट्रॅक्टरखाली काळा डाग दिसला की घरात पहिला उपाय ठरलेला असतो. खाली पत्र्याचा डबा ठेवायचा. डबा भरायला लागला की मिस्त्रीला निरोप जातो. तो येतो, नवे गॅस्केट बसवतो, पैसे घेतो आणि दोन महिन्यांत डाग पुन्हा हजर. मग 'गॅस्केट डुप्लिकेट निघाले' असे म्हणत दुकानदाराला बोल लावला जातो. कधी कधी ते खरेही असते. पण अनेकदा दोष गॅस्केटचा नसतोच. ते ज्या दोन लोखंडी पृष्ठभागांच्या मध्ये बसवले, त्यांच्याकडे कोणी नीट पाहिलेलेच नसते.

आपल्या देशात जुन्या ट्रॅक्टरांची कमी नाही. महिंद्राने १९६३ मध्ये इंटरनॅशनल हार्वेस्टर या अमेरिकी कंपनीच्या साथीने ट्रॅक्टर बनवायला सुरुवात केली. त्या काळातले बी-२७५ हे मॉडेल आजही एखाद्या वाडीवर पाहायला मिळते. चेन्नईच्या टॅफेचा मॅसी फर्ग्युसन, पंजाबचा स्वराज, हरियाणातल्या पिंजोरचा एचएमटी यांचेही तसेच. एचएमटीचा ट्रॅक्टर विभाग बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०१६ मध्ये घेतला, पण त्याचे ट्रॅक्टर शेतात चालतच आहेत.

ही यंत्रे इतकी टिकली, कारण त्यांचे इंजिन साधे आहे. त्यात कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाहीत. पाना आणि धीर असेल, तर ते घरच्या अंगणातही उघडता येते. तुम्ही स्वतः काम करा किंवा मिस्त्रीकडून करून घ्या, ते बरोबर चालले आहे की नाही हे तुम्हाला ओळखता आले पाहिजे. कारण बिघडलेल्या हेड गॅस्केटची किंमत गॅस्केटएवढीच नसते. चेंबरमध्ये पाणी उतरले की बेअरिंग जातात, मग क्रँक जातो आणि ऐन पेरणीत भाड्याच्या ट्रॅक्टरची वाट पाहत बसावे लागते.

गॅस्केट म्हणजे डिंक नव्हे

गॅस्केट, म्हणजे मिस्त्रींच्या भाषेत पॅकिंग, दोन भागांना चिकटवत नाही. ते दबते. लोखंडाचा पृष्ठभाग हाताला कितीही गुळगुळीत लागला, तरी त्यावर बारीक खाचा असतात. बोल्ट आवळले की मऊ गॅस्केट दबून त्या खाचांत शिरते आणि वाट बंद होते. हा दाब सगळीकडे सारखा असेल, तोवरच गॅस्केट काम करते.

आता समजा, जुन्या पॅकिंगचा नखाएवढा तुकडा खाली तसाच राहिला. नवे गॅस्केट त्या तुकड्यावर जास्त दबेल आणि शेजारी कमी. जिथे ते कमी दबले, तिथूनच पुढची गळती सुरू होणार. गॅस्केट कितीही महागाचे आणले, तरी हा हिशेब बदलत नाही.

हेड गॅस्केटचे काम तर सर्वांत अवघड. जुन्या डिझेल इंजिनात हवा साधारण १६-१७ पट दाबली जाते. तो दाब मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या दहा पटींहूनही जास्त असतो आणि डिझेल पेटल्यावर आणखी चढतो. त्याच वेळी शेजारच्या छिद्रांतून एकीकडे पाणी वाहते, दुसरीकडे तेल. आग, पाणी आणि तेल या तिघांना एकमेकांपासून दूर ठेवण्याची जबाबदारी एक-दीड मिलिमीटर जाडीच्या एका पट्टीवर असते.

आधी गळती ओळखा

तेल वरून खाली येते आणि पंख्याच्या वाऱ्याने मागे पसरते. त्यामुळे डाग चेंबरखाली दिसला, तरी गळती टॅपेट कव्हरमधून असू शकते. आधी इंजिन स्वच्छ धुवा, वाळू द्या, अर्धा तास चालवा आणि बॅटरी घेऊन पाहा. सर्वांत वरची ओली जागा शोधा. गळती तिथे आहे.

आणखी एक गोष्ट गॅस्केट विकत आणण्याआधी तपासा, ती म्हणजे ब्रीदर. इंजिनाच्या पोटात साठणारा वायू या नळीतून किंवा जाळीतून बाहेर पडतो. ती चिखलाने, भुशाने किंवा जुन्या तेलाच्या साक्याने बुजली असेल, तर पोटातला दाब वाढतो आणि तेल जिथे वाट मिळेल तिथून बाहेर ढकलले जाते. अशा वेळी सगळी पॅकिंग बदलली तरी गळती परत येते. ब्रीदर धुवायला मात्र काहीच खर्च येत नाही.

हेड गॅस्केट गेल्याच्या खुणा वेगळ्या असतात :

• डिपस्टिकवरचे तेल दुधाच्या चहासारखे दिसते.
• थंड इंजिनात रेडिएटरचे झाकण काढून सुरू केल्यावर पाण्यात सतत बुडबुडे येत राहतात.
• बाहेर कुठेही गळती नसताना पाणी कमी होते आणि सायलेन्सरमधून पांढरी वाफ निघते.
• रेडिएटरच्या पाण्यावर तेलाचा तवंग येतो.
• इंजिन एखादा सिलिंडर सोडून चालल्यासारखे अडखळते किंवा लवकर तापते.

गरम इंजिनावर रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नका. उसळलेल्या पाण्याने तोंड भाजते. तेल दुधाळ दिसले, तर 'एवढे वावर संपवू आणि मग पाहू' असे म्हणू नका. इंजिन तिथेच बंद करा. दुधाळ तेल म्हणजे नेहमी गॅस्केटच गेले असेही नाही. हेडला तडा गेला असेल किंवा लायनरच्या खालचे रबरी रिंग कुजले असतील, तरीही पाणी तेलात मिसळते. म्हणून उघडल्यावर सगळे तपासावे लागते.

गॅस्केट मुळात का जळले, हाही प्रश्न विचारा. रेडिएटरची जाळी भुशाने भरलेली असेल, फॅनचा पट्टा सैल असेल किंवा पाण्याचा पंप दमला असेल, तर इंजिन पुन्हा तापेल आणि नवे गॅस्केटही जळेल.

उघडताना घाई नको

हे काम पेरणीच्या तोंडावर काढू नका. ट्रॅक्टर चार दिवस उभा राहिला तरी चालेल, अशी वेळ निवडा. जागा कोरडी आणि वारा-धूळ नसलेली हवी.

इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. आदल्या संध्याकाळपासून उभे असलेले उत्तम. गरम हेडचे बोल्ट सोडले, तर ते वाकण्याची भीती असते. बॅटरीची वायर काढा. पाणी रेडिएटरमधून सोडाच, पण ब्लॉकच्या कॉकमधूनही सोडा. नाहीतर हेड उचलताच उरलेले पाणी सिलिंडरमध्ये पडते.

पाण्यात कूलंट मिसळलेले असेल, तर ते उघड्या पाटीत ठेवू नका. बहुतेक कूलंटमध्ये एथिलिन ग्लायकॉल असते. ते चवीला गोड आणि पोटात गेले तर विष आहे. कुत्रे, वासरू किंवा लहान मूल त्याला तोंड लावू शकते. झाकणाच्या कॅनमध्ये भरून वर ठेवा.

आता मोबाइल कामाला येईल. प्रत्येक पाइप, क्लिप आणि वायर काढण्याआधी फोटो घ्या. एका पुठ्ठ्यावर ओळीने भोके पाडून त्यावर १ ते ६ किंवा १ ते ८ आकडे लिहा आणि पुशरॉड काढले त्याच क्रमाने त्यात खोचा. ते परत आपापल्या जागीच बसले पाहिजेत. डिझेलचे पाइप सुटले की त्यांची तोंडे लगेच स्वच्छ प्लास्टिकने बांधा. डिझेल पंपात आणि नोझलमध्ये धुळीचा एक कणही नको.

हेडचे नट कडेकडून मध्याकडे, दोन-तीन फेऱ्यांत थोडे थोडे सैल करा. हेड चिकटून बसले असेल, तर लाकडी हातोड्याने कडेला हलके ठोका. मध्ये छिन्नी किंवा स्क्रू-ड्रायव्हर घालून उचकटू नका. त्याचा एक ओरखडा म्हणजे तेलाला आयती वाट. बिडाचे हेड जड असते, दोघांनी मिळून उचला. ते जमिनीवर पालथे ठेवू नका. काही इंजिनांत नोझलचे टोक हेडच्या खाली डोकावते, ते मोडते.

निघालेले जुने गॅस्केट लगेच फेकून देऊ नका. ते इंजिनाचा रिपोर्ट आहे. दोन सिलिंडरच्या मधल्या अरुंद पट्टीवर काळा माग असेल, तर वायू तिथून निसटत होता. पाण्याच्या छिद्राभोवती गंज पसरला असेल, तर पाणी तिथून सरकत होते. एखादी जागा नवी कोरी, न दबलेली दिसली, तर तिथे हेड किंवा ब्लॉक खोलगट आहे. त्याचा फोटो काढून ठेवा, पुढे तपासताना नेमके तिथेच पाहायचे आहे.

खरवडण्याआधी हे वाचाच

जुन्या इंजिनांच्या हेड गॅस्केटमध्ये तांब्याच्या दोन पत्र्यांमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस भरलेले असायचे. इतर काही पॅकिंगच्या करड्या शीटमध्येही ते असे. नुसते पाहून ते ओळखता येत नाही. त्यामुळे जुन्या ट्रॅक्टरचे पॅकिंग अ‍ॅस्बेस्टॉसचेच आहे, असे धरून चालणे शहाणपणाचे.

जागतिक आरोग्य संघटनेनुसार सर्व प्रकारचे अ‍ॅस्बेस्टॉस माणसात कॅन्सर घडवू शकते. त्याचे तंतू डोळ्यांना दिसत नाहीत आणि श्वासातून गेलेल्या तंतूंचा आजार कित्येकदा दोन-तीन दशकांनी समोर येतो. जगात अ‍ॅस्बेस्टॉसच्या कारखान्यांत काम करणाऱ्यांच्या घरच्यांनाही हे आजार झाल्याच्या नोंदी आहेत. कामाचे कपडे घरी आले आणि त्यांच्याबरोबर धूळही आली.

म्हणून हे नियम पाळा :

• कोरडे पॅकिंग कधीही खरवडू नका. आधी पाण्यात थोडा साबण घालून फवारा मारा, मुरू द्या आणि ओले असतानाच काढा.
• ड्रिलला लावलेला तारेचा ब्रश, ग्राइंडर किंवा कोरडा पॉलिश पेपर त्यावर वापरू नका.
• कॉम्प्रेसरच्या हवेने धूळ उडवू नका. ओल्या फडक्याने पुसा.
• तोंडाला बांधलेला रुमाल उपयोगाचा नाही. चेहऱ्याला घट्ट बसणारा, पी-१०० दर्जाचा फिल्टर असलेला मास्क वापरा.
• निघालेले तुकडे आणि फडकी ओली असतानाच जाड पिशवीत भरून घट्ट बांधा. चुलीत किंवा उकिरड्यावर टाकू नका. अ‍ॅस्बेस्टॉस जळत नाही.
• मुलांना त्या जागेपासून दूर ठेवा. अंगावरचे कपडे घरात न झटकता वेगळे धुवा.

हेडचा फेस साफ करताना

पॅकिंग जिथे बसते त्या सपाट भागाला मिस्त्री 'फेस' म्हणतात. या कामातला सर्वांत जास्त वेळ फेसवर गेला पाहिजे. हेड उघडायला अर्धा दिवस लागला आणि फेस साफ करायला पूर्ण दिवस लागला, तर काम बरोबर चालले आहे असे समजा.

ब्लॉकवर हात लावण्यापूर्वी पाण्याची, तेलाची आणि बोल्टची सगळी भोके, तसेच सिलिंडर स्वच्छ फडक्यांनी बंद करा. किती फडकी कोंबली ते मोजून ठेवा, निघतानाही तेवढीच निघाली पाहिजेत. पिस्टन आणि लायनर यांच्या फटीवर ग्रीसची बारीक रेघ ओढा. पडणारा कचरा त्यात अडकतो आणि नंतर ग्रीसबरोबर पुसून निघतो.

बिडाच्या फेसवर रुंद पात्याचा लोखंडी स्क्रॅपर चालतो, पण तो जवळजवळ आडवा धरा. टोकाने उकरू नका. अ‍ॅल्युमिनियमच्या कव्हरवर मात्र लोखंड नको. तिथे लाकूड, कडक प्लास्टिक किंवा पितळी पट्टी वापरा. घट्ट बसलेल्या पॅकिंगवर थिनर किंवा गॅस्केट रिमूव्हर लावून थांबा. जोर लावण्याऐवजी वेळ द्या.

अनेक गॅरेजमध्ये ग्राइंडरला खरखरीत चकती लावून दोन मिनिटांत फेस चकाचक करतात. दिसायला छान, पण तोटा दुहेरी. एक तर मऊ जागा जास्त घासली जाऊन फेसवर न दिसणारे खड्डे पडतात. दुसरे म्हणजे चकतीतून सुटलेली कठीण भुकटी तेलाच्या वाटांत शिरते आणि पुढे बेअरिंग खाते. इंजिन बांधल्यावर काही दिवसांतच ऑइल प्रेशर पडले, तर कारण बहुधा कोणाच्या लक्षातही येत नाही.

हातानेच शेवटचा हात फिरवायचा असेल, तर पॉलिश पेपर सपाट ठोकळ्याला गुंडाळून, तेलाचा थेंब लावून हलक्या हाताने फिरवा. पेपर बोटाने दाबून घासला, तर तिथे खोलगा होतो. आरशासारखी चमकही नको. जुन्या पद्धतीच्या गॅस्केटला पकडायला किंचित खडबडीतपणा लागतो.

शेवटी पांढऱ्या सुती फडक्यावर थिनर घेऊन पुसा. फडके पांढरेच राहीपर्यंत पुसत राहा. रॉकेलने धुतले असेल, तर त्याचा तेलकट थर राहतो, तोही थिनरनेच जातो. पेट्रोलने पुसू नका. जवळ विडी, चूल, ठिणगी असले काही नको.

सपाटी डोळ्याने नव्हे, गेजने

आता कामाचा निकाल देणारी तपासणी. त्यासाठी दोनच हत्यारे लागतात. अचूक सरळ धारेची पोलादी पट्टी आणि फिलर गेज. सुताराची पट्टी किंवा अँगलचा तुकडा चालणार नाही, कारण तोच सरळ आहे याची खात्री नसते.

पट्टी फेसवर उभी धरा आणि तिच्याखाली फिलर गेजचे सर्वांत पातळ पाते सरकते का, ते पाहा. लांबीच्या दिशेने दोन्ही कडांना, रुंदीच्या दिशेने प्रत्येक सिलिंडरजवळ आणि कोपऱ्यातून कोपऱ्यात तिरपे दोन वेळा तपासा. पट्टीमागे टॉर्च धरली, तर उजेडाची रेघ लगेच सांगते की फट कुठे आहे. हेडचे झाले की ब्लॉकचेही असेच तपासा. ब्लॉक बहुतेक जण सोडून देतात.

किती फट चालते? तो आकडा तुमच्या इंजिनाच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो आणि तोच अंतिम. अंदाज म्हणून सांगायचे तर तीन सिलिंडरच्या हेडमध्ये ०.०५ मिलिमीटरचे पाते कुठेच शिरले नाही, तर निश्चिंत राहा. ०.१० चे पाते सरकत असेल, तर हेड मशिन शॉपमध्ये दाखवा. ०.१० मिलिमीटर म्हणजे जाड केसाएवढी फट. वायूला तेवढी पुरते.

मशिन शॉपमध्ये फेस मारून घेताना 'मारून टाका' एवढेच सांगू नका. किती लोखंड काढणार, ते विचारा आणि बिलावर लिहून घ्या. हेड पातळ झाले की व्हॉल्व्ह आणि नोझल पिस्टनच्या जवळ येतात. आधी दोनदा फेस मारलेले हेड तिसऱ्यांदा मारण्याजोगे उरलेले नसते. पाण्याच्या छिद्राभोवती गंजाने खड्डे पडले असतील आणि ते सिलिंडरच्या कडेपर्यंत पोहोचले असतील, तर नुसत्या पॅकिंगने ते बुजणार नाहीत.

लायनर आणि बोल्टची भोके

अनेक इंजिनांत लायनर ब्लॉकच्या फेसपेक्षा किंचित वर असतो. हेड बसले की गॅस्केटची धातूची कडी तिथेच सर्वांत घट्ट दबते. लायनर खाली बसला असेल, तर ती पकड मिळत नाही आणि गॅस्केट पुन्हा जळते. किती वर हवा, तो आकडा मॅन्युअलमधूनच घ्या आणि सगळ्या सिलिंडरचा जवळपास सारखा आहे ना, ते पाहा. ज्या लायनरच्या बाहेरून पाणी फिरते, त्या इंजिनात हेड काढलेले असताना लायनर दाबून न धरता क्रँक फिरवू नका. पिस्टनबरोबर लायनर वर सरकला, तर खालचे रबरी रिंग निकामी होतात.

बोल्टची भोकेही फेसइतकीच महत्त्वाची. ज्या भोकाला खाली वाट नाही, त्यात तेल किंवा पाणी राहिले आणि वरून बोल्ट आवळला, तर द्रवाला जायला जागा नसते. त्या दाबाने ब्लॉकला तडा जाऊ शकतो. प्रत्येक भोक कोरडे करा, आटे योग्य मापाच्या टॅपने हलके साफ करा. भोकाभोवतीचे लोखंड आट्यांबरोबर वर ओढले गेले असेल, तर तो उंचवटा काढून टाका. स्टड मध्येच बारीक झालेला दिसला, तर तो ताणला गेला आहे. तो बदला.

पॅकिंग निवडताना आणि बसवताना

दुकानात फक्त मॉडेलचे नाव सांगू नका. इंजिन नंबरचा फोटो दाखवा. एकाच नावाच्या ट्रॅक्टरमध्ये वेगवेगळ्या वर्षी वेगळी इंजिने किंवा वेगळी भोके असू शकतात. घरी आणल्यावर गॅस्केट ब्लॉकवर कोरडेच ठेवून पाहा. पाण्याचे, तेलाचे, पुशरॉडचे प्रत्येक भोक जुळते का? वरची बाजू कोणती, त्याची खूण बहुधा गॅस्केटवरच असते. उलटे बसले, तर तेलाची वाट बंद होऊ शकते.

सगळ्यांत जास्त गोंधळ सोल्यूशन लावण्यावरून होतो. गॅस्केटच्या पाकिटावर लिहिलेले असेल तरच आणि तेवढेच लावा. बहुतेक हेड गॅस्केट कोरडीच बसवायची असतात. ग्रीस, रंग किंवा सिलिकॉन लावून ती 'पक्की' होत नाहीत, उलट दबताना सरकतात.

टायमिंग कव्हर, पाण्याचा पंप यांना कागदी पॅकिंग असते. ते शीट आणून घरी कापता येते. बुटाच्या खोक्याचा पुठ्ठा आकार काढायला चांगला, पॅकिंग म्हणून नाही. शीटची जाडी जुन्याएवढीच घ्या. काही ठिकाणी आतले अंतर त्या जाडीवरच ठरलेले असते.

ऑइल चेंबर आणि टॅपेट कव्हर पत्र्याचे असेल, तर गळतीचे कारण पत्र्यात शोधा. आधी कोणीतरी बोल्ट जास्त आवळलेले असतात, त्यामुळे भोकांभोवतीचा पत्रा आत दबलेला आणि मधला वर आलेला असतो. कव्हर सपाट लोखंडावर ठेवून भोकांच्या कडा हातोडीने हळूहळू सरळ करा. कॉर्कचे पॅकिंग किंचित फुगेपर्यंतच आवळा. पिळवटून निघाले, तर ते फाटणार. सिलिकॉन लागणारच असेल, तर दोन-तीन मिलिमीटरची रेघ पुरे. जास्तीचे सिलिकॉन आत सुटते आणि तेलाच्या जाळीत अडकते.

आवळण्याचा क्रम

हेड आवळताना टॉर्क पाना हवाच. नसेल तर ओळखीच्या गॅरेजमधून दिवसभरासाठी मागून आणा. 'हाताचा अंदाज' एकसारखा नसतो. सकाळी वेगळा असतो आणि दमल्यावर वेगळा.

सुरुवात मधल्या नटापासून करा आणि गोगलगाईच्या शंखासारखे गोल गोल बाहेर जा. त्यामुळे गॅस्केट मधून कडेकडे सपाट पसरते. एकाच दमात पूर्ण जोर नको. ठरलेल्या टॉर्कच्या तिसऱ्या भागावर एक फेरी, दोन तृतीयांशावर दुसरी आणि पूर्ण आकड्यावर तिसरी. मग त्याच क्रमाने एकदा तपासणी. आकडा तुमच्याच इंजिनाचा हवा, शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरचा नाही. आट्यांना तेल लावायचे की नाही, हेही मॅन्युअलप्रमाणेच ठरवा. तेल लावलेला आणि कोरडा नट एकाच टॉर्कवर वेगवेगळी पकड देतात.

पहिला स्टार्ट आणि त्यानंतरचे दिवस

पाणी आधी तेलात गेले असेल, तर तेल आणि फिल्टर दोन्ही नवे टाका. टॅपेटचे अंतर ठरवा, पाणी भरा, डिझेल लाइनमधली हवा काढा. डिझेल बंद ठेवून सेल्फ थोडा थोडा मारा, म्हणजे तेल वरपर्यंत पोहोचेल. मग सुरू करा आणि नांगर न जोडता चालवा. एकाने ऑइल प्रेशर आणि तापमानाच्या काट्याकडे पाहावे, दुसऱ्याने बॅटरी घेऊन प्रत्येक सांधा पाहावा.

जुन्या पद्धतीचे हेड गॅस्केट पहिल्यांदा तापल्यावर आणखी दबते, त्यामुळे नटांची पकड किंचित कमी होते. म्हणून अशा इंजिनांत हेड पुन्हा आवळावे लागते. ते गरम असताना करायचे की थंड आणि किती तास चालल्यावर, हे मॅन्युअल सांगते. पुन्हा आवळले की टॅपेटचे अंतरही पुन्हा तपासायचे, कारण हेड खाली बसते. बहुतेक ठिकाणी हीच पायरी राहून जाते. ट्रॅक्टर चालू झाला, पैसे दिले, विषय संपला.

काम मिस्त्रीला देणार असाल तर

प्रत्येकाने स्वतः इंजिन उघडावे, असे नाही. चांगला मिस्त्री तुमच्या प्रश्नांवर रागावत नाही. काम सुरू होण्याआधी त्याला एवढे विचारा :

• दादा, जुने पॅकिंग ओले करून काढाल ना?
• हेडबरोबर ब्लॉकचाही फेस गेज लावून बघाल ना? मला दाखवून मगच बांधा.
• फेस मारावा लागला, तर किती मारला ते लिहून द्याल?
• टॉर्क पाना आहे ना?
• पुन्हा आवळायला कधी आणू?

शेवटच्या प्रश्नाची तारीख तिथेच ठरवून घ्या आणि मोबाइलमध्ये रिमाइंडर लावा. गॅस्केट कोणत्या दिवशी बदलले, हेड किती मारले, कोणता टॉर्क दिला, हे एका वहीत लिहा आणि ती वही ट्रॅक्टरच्या कागदपत्रांबरोबर ठेवा. हे इंजिन पुढच्या वेळी उघडेल तेव्हा पाना कदाचित तुमच्या मुलाच्या किंवा मुलीच्या हातात असेल. हेडला अजून एकदा फेस मारता येईल की नाही, हे त्यांना त्या वहीतूनच कळेल.